अहमदाबाद, मे २०१०: नोंदवहीत सापडलेली उष्णतेची लाट

१/ पूर आणि भूकंप मागे पडझड ठेवून जातात. उष्णतेची लाट काहीच पाडत नाही; म्हणून तिचा इतिहास लिहिणे अवघड. अहमदाबादेत तो मृत्यूच्या नोंदींतून लिहिला गेला.

२/ २१ मे २०१० रोजी तेथील पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर पोहोचला. उन्हाने गेलेला माणूस नोंदीत मात्र बहुधा हृदयविकाराने किंवा अन्य आजाराने गेलेला दिसतो.

३/ म्हणून संशोधकांनी कारणे बाजूला ठेवून एकूण मृत्यू मोजले. मे २०१० मध्ये ४,४६२. २००९ आणि २०११ च्या मे महिन्यांची सरासरी ३,११८. म्हणजे १,३४४ मृत्यू अधिक.

४/ २०१० च्या अनुभवानंतर एका सार्वजनिक रुग्णालयाने तापलेल्या छताखालचा प्रसूती कक्ष खालच्या मजल्यावर हलवला. २०१३ मध्ये महानगरपालिकेने उष्णता कृती आराखडा लागू केला. दक्षिण आशियातील तो पहिला. अंदाज मिळताच रंगांनुसार इशारे, पाणपोया, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, ही त्याची प्रमुख अंगे.

५/ पुढे वस्त्यांमधील छपरांना चुन्याचा पांढरा थर देण्याची मोहीम निघाली. पांढरे छप्पर ऊन परतवते, घर कमी तापते. तिच्यात स्वयंसेवकही उतरले.

६/ नागपूरनेही पुढे असा आराखडा स्वीकारला. हवामानबदलामुळे अशा लाटा वाढत आहेत. आपल्या शहरात मे महिन्यात किती माणसे दगावतात, हे तपासणे ही तयारीची पहिली पायरी. अहमदाबादने सुरुवात तेथूनच केली.