साथ येते तेव्हा गाव दवाखान्याला का घाबरतं?

कोरोनाच्या काळात "दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. त्याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण या भीतीला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्या बुलडाणा जिल्ह्यापुरता तो थोडक्यात पाहू.

प्लेग

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९७ मध्ये सरकारने साथरोग कायदा केला. पुण्यात सैनिक घरात शिरून तपासणी करू लागले, रोग्यांना घरच्यांपासून तोडून नेऊ लागले. लोक रोगी लपवू लागले. पुढे प्लेग वऱ्हाडातही पोचला. उंदीर पटापट मरू लागले की लोक घरं सोडून शेतात झोपड्या बांधून राहत. हा उपाय शास्त्रालाही धरून होता. प्लेग मुख्यतः उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. उंदीर मेला की पिसवा माणसाला चावतात. घर सोडलं की त्या मागे राहतात.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा

जून १९१८ मध्ये ही साथ मुंबईत दिसली आणि रेल्वेने देशभर गेली. मुंबई-नागपूर मार्ग आपल्या मलकापूर, नांदुरा, शेगावमधूनच जातो. हा रोग श्वासातून पसरणारा, त्यामुळे प्लेगचा उपाय इथे पुरा पडणारा नव्हता. त्यातच पावसाने दगा दिला होता. अनेक डॉक्टर महायुद्धावर गेले होते. देशात सव्वा कोटीहून अधिक माणसं गेली असा अंदाज आहे. त्यात २० ते ४० वयाची, कमावती माणसं फार होती. मध्यप्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांपैकी एक. प्लेगमध्ये सरकार जबरदस्तीने घरात आलं होतं. या वेळी बहुतेक खेड्यांत औषध घेऊन कोणी पोचलंच नाही.

कोरोना

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू झाला. जुनी भीतीही परतली: तपासणी केली तर उचलून नेतील. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली, पण आधी ऑनलाइन नोंदणी हवी होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद-संग्रामपूरच्या आदिवासी वस्त्यांत जिथे मोबाइलला रेंज नाही, तिथल्या माणसाने काय करावं? लसीनंतर ताप आला तर दोन दिवसांची मजुरी बुडणार, हाही हिशेब होता. तो ताप म्हणजे शरीर रोगाशी लढायची तयारी करत असल्याची खूण. पण हे आधीच कोणी सांगितलं नाही, तर ताप आल्यावर लसच वाईट वाटते.

या वेळी एक गोष्ट मात्र वेगळी होती. दारात सैनिक नव्हता, गावातलीच आशाताई होती. ती उद्याही गावातच असणार, म्हणून तिला प्रश्न विचारता येतो.

विश्वास साथीच्या दिवसात तयार होत नाही. तो बाळाच्या लसीच्या वेळी, साध्या तापाच्या वेळी जमा होतो. म्हणून साथ नसतानाच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. औषध कशाचं, त्रास काय होईल, हे निःसंकोच विचारा. उत्तर देणं हे आम्हा डॉक्टरांचं कामच आहे.