आधी दिले, मग विचारले

जकात असो वा सदका, रस्त्यावर हात पुढे करणाऱ्याला द्यावे की नाही, हा वाद आपल्या घराघरांत होतो. दिले तर सवय लागेल, न दिले तर उपाशी राहील.

खलिफा हारून अल-रशीद यांच्या काळातील काजी अबू युसूफ यांनी ‘किताब-उल-खराज’मध्ये एक प्रसंग नोंदवला आहे. हजरत उमर (रजि.) यांना एका दारात भीक मागणारा वृद्ध, अंध यहुदी दिसला. ही वेळ का आली, असे त्यांनी विचारले. जिझिया, गरज आणि म्हातारपण, असे उत्तर मिळाले. उमर यांनी त्याला हात धरून घरी नेले, घरातले काही दिले. मग बैतुलमालच्या खजिनदाराला त्याची आणि त्याच्यासारख्यांची सोय करायला सांगितले, जिझियाही माफ केला. तरुणपणी कर घ्यायचा आणि म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचे, हा त्यांच्या लेखी अन्याय होता.

आपल्याकडे १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने मात्र मागणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवले. पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षे डांबण्याची तरतूद केली. भिक्षेसाठी गाणारे-नाचणारेही त्यात आले. हाच कायदा दिल्लीलाही लागू होता. तिथे २०१८ साली उच्च न्यायालयाने त्यातील भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली.

दारावर आलेल्याला रिकाम्या हाती पाठवू नये, हे खरेच. पण त्याचे रेशनकार्ड कुठे अडले, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज कोणी भरून दिला का, हेही आपणच विचारायला हवे.