मिठाच्या हवेतली इंजिनं

कोकणातल्या मासेमारीचा इतिहास लिहिणारे नौका मोजतात, मासळीचे टन मोजतात, कर्ज-अनुदानाचे आकडे देतात. त्या नौकांची इंजिनं ज्यांनी चालती ठेवली ते फिटर मात्र त्या पानांत कुठे सापडत नाहीत. मी त्याच धंद्यातला. आरे-वारे, नेवरे, गणपतीपुळे हा माझा पट्टा. आमच्या कामालाही इतिहास आहे आणि तो आतल्या माणसाने लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

माझ्यापुरता तो समुद्रावर नाही, बागेत सुरू होतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली. एका सिलिंडरचं, पाच हॉर्सपॉवरचं, मिनिटाला पंधराशे फेरे घेणारं त्यांचं डिझेल इंजिन बागांतल्या विहिरींवर पोचलं. माझा हात त्याच्यावर बसला. डीकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारून फ्लायव्हीलला वेग द्यायचा आणि खटका सोडायचा. पहिला ठोका पडला की हँडल सुटून हातात येतं. नाही आलं तर मनगट जातं. टॅपेट सेट करायला इंजिन पूर्ण गार हवं आणि फिलर गेजची पाती जेमतेम अडखळत सरकायला हवी. माझे उस्ताद तोंडाने फार सांगत नसत. पाती माझ्या हातात देऊन ‘लागते कशी ती बघ’ एवढंच म्हणत. ते ‘लागणं’ कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही.

हे इंजिन फोर-स्ट्रोक होतं. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. दट्ट्याच्या चार फेऱ्यांत एकदा ताकद मिळते, आणि तेल स्वतंत्र, खाली संपमध्ये. आज होडीवाले फोर-स्ट्रोक म्हणजे नवी भानगड समजतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ती आपल्या विहिरींवर कधीची धडधडत होती.

नौकांवर इंजिन आलं ते सरकारी पाठबळाने. पहिली पंचवार्षिक योजना १९५१ साली सुरू झाली आणि शिडाच्या होड्यांना यंत्र बसवणं हे धोरण झालं. १९५२ साली भारताने नॉर्वेशी करार केला आणि केरळात कोल्लमजवळच्या नींदकरा गावी बर्फाच्या देशातले तंत्रज्ञ येऊन आपल्या मच्छीमारांना इंजिनाची नौका शिकवू लागले. कोकण किनाऱ्यावर किर्लोस्कर आली, रस्टन आली, पुढे ट्रॉलरसाठी लेलँडची सहा सिलिंडरची. नौकेवर तांडेल होता, खलाशी होते, त्यात इंजिनापाशी बसणारा ड्रायव्हर हा नवा माणूस आला. मत्स्यव्यवसाय खात्याने प्रशिक्षण केंद्रं काढली, त्यातलं एक रत्नागिरीत. नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनाची देखभाल तिथे शिकवतात. तिथून शिकून आलेली पोरं आणि माझ्यासारखी विहिरीच्या पंपावर शिकलेली पोरं रत्नागिरीच्याच मिरकरवाड्याच्या धक्क्यावर शेजारी शेजारी बसून नोझल साफ करत.

पण मिरकरवाडा बंदर आहे. आरे आणि वारे इथे बंदर नाही. मध्ये डोंगराचा एक सुळका, दोन्ही अंगांना उघडी वाळू, मागे सुरूची झाडं, आणि लाटा थेट अंगावर येतात. इथली लहान होडी वाळूवर ओढून घ्यावी लागते किंवा भरती बघून खाडीत न्यावी लागते. तळातून शाफ्ट बाहेर आलेली इनबोर्ड नौका अशा वाळूवर आणली तर पंखा आणि शाफ्ट दोन्ही गेले. म्हणून या किनाऱ्याला खरं सोयीचं पडलं ते आउटबोर्ड. होडीच्या मागच्या फळीवर टांगायचं, लाट जवळ आली की इंजिनाचा पाय वर उचलायचा आणि होडी वाळूवर सोडायची. नॉर्वेत जन्मून अमेरिकेत गेलेल्या ओले एव्हिन्रूडने १९०९ साली असं टांगतं इंजिन बाजारात आणलं होतं. आमच्याकडे ते रुळलं जपानी कंपन्यांमुळे आणि रॉकेलमुळे.

रॉकेलवरचं टू-स्ट्रोक इंजिन समजून घेण्याजोगं आहे. सुरू करायचं पेट्रोलवर, तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर न्यायचं. परतताना किनारा दिसू लागला की पुन्हा पेट्रोलवर आणून कार्बोरेटरमधलं रॉकेल जाळून टाकायचं. हे शेवटचं पाऊल ज्याने गाळलं त्याचं इंजिन दुसऱ्या पहाटे दोरी ओढून ओढून खांदे गेले तरी उठत नसे. तेल इंधनातच मिसळायचं, त्यामुळे वेगळं ऑइल बदलणं नाही, वॉल्व नाहीत, टॅपेट नाहीत. प्लग काजळला की घासायचा, जेट फुंकायचा, चालू. दर्यावर भरवसा ठेवावा असं ते यंत्र होतं आणि मी त्याच्याविषयी आजही आदराने बोलतो. मात्र त्याच्या मागे पाण्यावर तेलाचा तवंग राहायचा आणि धूर मागे बसणाऱ्याच्या छातीत जायचा.

त्या धुरानेच जगभरात टू-स्ट्रोकचा शेवट जवळ आणला. अमेरिकेने १९९६ साली आउटबोर्ड आणि जेट-स्कीच्या धुरावर नियम केले. तिथल्या यलोस्टोन उद्यानात बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइलच्या धुरावरून वर्षानुवर्षं वाद झाला आणि शेवटी स्वच्छ इंजिनांची अट आली. यामाहाने पहिलं आउटबोर्ड १९६० साली केलं होतं आणि पहिली स्नोमोबाइल १९६८ साली. २००२च्या सुमारास याच कंपनीने आपल्या आर-वन मोटरसायकलचं ९९८ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं आणि त्यावरून एकीकडे जेट-स्की केली, दुसरीकडे स्नोमोबाइल. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर जेट-स्की आल्या तेव्हा मी या इंजिनांची पुस्तकं मिळवून वाचली. हे नातं मला तिथे कळलं आणि मोठं समाधान वाटलं. कॅनडातला कोणी फिटर शून्याखालच्या थंडीत जे टॅपेट मोजतो, त्याच्या भावंडाचे टॅपेट इथे घामाघूम होऊन मोजले जातात.

दोघांचे शत्रू वेगळे. स्नोमोबाइलच्या इंजिनातलं पाणी बंद नळ्यांतून फिरतं आणि पट्टा मागे उडवतो त्या बर्फाने गार होतं. कमी अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसं तापलं नाही तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते. आमच्याकडे बहुतेक इंजिनं समुद्राचंच पाणी ओढून गार होतात. पाण्याबरोबर वाळू आली की इम्पेलरच्या रबरी पात्या झिजतात, मीठ नळ्यांत बसतं, आणि मग इंजिन तापून हेड गॅसकेट जातं. म्हणून किनाऱ्यावर आल्या आल्या गोड्या पाण्याने धुणं. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघालं तर सील गेलं. जस्ताचा तुकडा अर्धा खाल्ला गेला की बदला. बाकीचं इंजिन वाचावं म्हणूनच तो तिथे बसवलेला असतो.

एका बाबतीत मात्र बर्फाचा देश आणि आपला किनारा अगदी सारखे आहेत: वर्षातले काही महिने यंत्र उभं राहतं. तिथे बर्फ वितळल्यावर, इथे पाऊस लागल्यावर. १ जून ते ३१ जुलै यंत्रचालित नौकांची मासेमारी बंद. पूर्वी नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी पाण्यात उतरत नसे. वापराने जितकी इंजिनं मेली त्याहून जास्त या उभ्या राहण्याने मेली, हे माझं ठाम मत आहे. जुनं ऑइल आत ठेवून इंजिन दमट हवेत उभं केलं की बेअरिंग आणि लायनर गंजतात. ऑइल मोसम संपताना बदलायचं, मोसम सुरू होताना नव्हे. पेट्रोल काढून कार्बोरेटर कोरडा करायचा, प्लगच्या भोकातून चार थेंब ऑइल सोडून हाताने इंजिन फिरवायचं. टू-स्ट्रोकची सवय झालेल्या होडीवाल्यांना फोर-स्ट्रोकचं ऑइल काळं दिसत नसलं तरी बदलायचं, हे पटवायला मला टॅपेट सेट करण्यापेक्षा जास्त कष्ट पडले. पटल्यावर मात्र त्यांनी ते निष्ठेने पाळलं.

आता कार्बोरेटरही जात चालले. इंजेक्शन आणि सेन्सर आले, आणि बिघाड निघतो तो बहुधा लोखंडात नाही, कनेक्टरच्या हिरव्या पडलेल्या पिनांत. पावसाळ्यात पर्यटनाचे जलखेळ बंद झाले की जेट-स्की शेडमध्ये जातात, आणि त्यांच्यावर स्कॅनर लावायला शिकलेली पोरं नौकांकडे वळतात. मोठ्या नौकांवर अलीकडे चिनी इंजिनं बसू लागली आहेत. त्यांचे लायनर, पंप, नोझल कुठल्या मापाचे, कशाला काय लागू पडतं, याच्या वह्या ही पोरं सध्या आपल्या हाताने भरत आहेत.