5जीची ‘फ्रिक्वेन्सी’ म्हणजे नेमकं काय? ती जास्त असली की धोका वाढतो का?

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘5जीमुळे माणसं मरतायत’ असे मेसेज इतके फिरले की 10 मे 2021 रोजी दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला. गंमत म्हणजे तेव्हा भारतात 5जी सेवा सुरूच झाली नव्हती. ती आली 1 ऑक्टोबर 2022 ला. तरीही ‘फ्रिक्वेन्सी जास्त म्हणजे धोका जास्त’ हा समज अजून टिकून आहे.

फ्रिक्वेन्सी, म्हणजे शाळेच्या पुस्तकातली ‘वारंवारिता’, ही फक्त मोजणी आहे. एका सेकंदात किती कंपनं झाली, ती संख्या. सेकंदाला एक कंपन म्हणजे 1 हर्ट्झ. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी 1880 च्या दशकात रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवून दिल्या, म्हणून हे नाव. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची असते, तर माणसाच्या कानाला साधारण 20 ते 20,000 हर्ट्झचे आवाज ऐकू येतात.

वारंवारिता म्हणजे जोर नव्हे. हार्मोनियमचा भाता जोरात मारला तर आवाज मोठा होतो, स्वर तोच राहतो. काळी एक सोडून काळी चारमध्ये गायलं, की बदलते ती वारंवारिता.

मग 5जी कुठे बसतं?

भारतात 5जीचा एक मुख्य पट्टा 3.5 गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. म्हणजे सेकंदाला 350 कोटी कंपनं. आकडा भीतीदायक वाटतो खरा, पण घरातल्या दिव्याच्या लाल प्रकाशाची वारंवारिता याच्या साधारण सव्वा लाख पट असते! निळ्या प्रकाशाची त्याहून जास्त.

प्रकाश ऊर्जेच्या छोट्या पुड्यांनी येतो आणि वारंवारिता वाढली की प्रत्येक पुडी जास्त ताकदीची होते. त्यामुळे मूळ समज अगदीच निराधार नाही. पण डीएनएला थेट इजा करण्याइतकी ताकद येते ती दृश्य प्रकाशाच्याही पलीकडे, अतिनील किरणांत. एक्स-रे त्याच्याही पुढे. मोबाइलच्या लहरी या रेषेच्या खूप अलीकडे आहेत.

या लहरींचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता, आणि ती मुख्यतः लहरी किती शक्तीने येतात यावर ठरते. मायक्रोवेव्ह ओव्हन आणि वाय-फाय दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. ओव्हन बंद धातूच्या पेटीत शेकडो वॉट ओततो, राउटरची शक्ती एक वॉटच्याही खाली असते. म्हणून एकात भात गरम होतो, दुसऱ्याशेजारी ठेवलेला थंडच राहतो.

2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्ककारक’ गटात टाकलं, हेही खरं. पुरावा मर्यादित असला की हा गट दिला जातो. भारताने 2012 मध्ये टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली.

जास्त फ्रिक्वेन्सीचा खरा त्रास

वारंवारिता वाढली की लहर आखूड होते. 100 मेगाहर्ट्झची एफएम लहर 3 मीटर लांब, तर 3.5 गिगाहर्ट्झची जेमतेम साडेआठ सेंटीमीटर. अशा आखूड लहरी भिंतींत जास्त अडकतात. बाल्कनीत फुल्ल असणारं 5जी आतल्या खोलीत 4जीवर का येतं, त्याचं एक कारण हे.