चार ट्रॅकची कॅसेट

ऐंशीच्या दशकात कोकणातल्या मुस्लिम घरांत टेपरेकॉर्डर आला तो बहुतेक आखातातून. दुबईला, कुवेतला, सौदीला कमवायला गेलेली माणसे सुट्टीवर येताना जे सामान आणीत, त्यात टू-इन-वन हमखास असायचा. त्याच्यावर कव्वाल्या ऐकल्या जात, नात ऐकल्या जात. पण त्याचा दुसरा उपयोग आमच्या मते जास्त मोलाचा होता. ज्यांना लिहिता येत नव्हते अशा आया-आज्या कॅसेटवर बोलून पत्र 'भरीत' आणि तिकडे जाणाऱ्या एखाद्याच्या हाती ती कॅसेट पाठवीत. पुष्कळदा उत्तरही त्याच कॅसेटवर यायचे. म्हणजे आईचा आवाज पुसून त्याच जागी मुलाचा आवाज भरलेला असायचा. एखादी कॅसेट जपून ठेवायचीच झाली तर तिच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा इवलासा तुकडा मोडून टाकीत; मग चुकूनही तिच्यावर दुसरे काही भरले जात नसे.

नवा आवाज भरला की जुना पुसला जाणार, हा साध्या टेपरेकॉर्डरचा स्वभावच होता. आम्ही इथे ज्या यंत्राविषयी लिहीत आहोत, त्याने हा स्वभाव बदलला. त्या यंत्रात जुना आवाज जागच्या जागी राही आणि नवा त्याच्या शेजारी येऊन बसे. एक माणूस आधी गिटार वाजवी, मग ती ऐकत ऐकत गाई, मग स्वतःच्याच गाण्याला दुसऱ्या सुराची साथ देई. आणि हे सगळे आपल्याकडे असायच्या तशाच कॅसेटवर. जपानच्या टीॲक कंपनीने १९७९ साली असे पहिले यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव पोर्टास्टुडिओ १४४. ही यंत्रे बनणे बंद होऊन बराच काळ लोटला, तरी अमेरिकेत, इंग्लंडात, जपानात लोक ती शोधून शोधून विकत घेतात आणि घरी त्यांच्यावर गाणी भरतात. हा केवळ जुन्या वस्तूंचा शौक आहे, की त्याला आणखी काही कारण आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

कॅसेटचा जन्म संगीतासाठी झालाच नव्हता. हॉलंडच्या फिलिप्स कंपनीत लू ऑटेन्स यांच्या हाताखालच्या मंडळींनी ती तयार केली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. खिशात मावावी, हाताळायला सोपी असावी, बोलणे टिपता यावे, एवढीच मूळ अपेक्षा. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. पुढे स्टिरिओ आल्यावर त्या चिंचोळ्या पट्टीवर आवाजाच्या चार रेघा बसवल्या गेल्या. दोन एका बाजूच्या, दोन दुसऱ्या बाजूच्या. एकेक रेघ जेमतेम ०.६ मिलिमीटरची. या रेघेलाच ट्रॅक म्हणतात. आपण कॅसेट उलटी करून लावायचो तेव्हा फीत उलट दिशेने धावायची आणि उरलेले दोन ट्रॅक वाजायचे.

वेगवेगळ्या वेळी गायिलेले आवाज एकत्र बसवण्याची कल्पना मात्र कॅसेटहून जुनी आहे. अमेरिकेतले गिटारवादक लेस पॉल यांनी चाळीसच्या दशकात आधी तबकड्यांवर आणि मग फितीवर हे प्रयोग केले. १९५१ साली गाजलेले त्यांचे 'हाऊ हाय द मून' त्यांच्या पत्नी मेरी फोर्ड यांच्या एकटीच्या गळ्यातून निघालेल्या अनेक आवाजांनी भरलेले आहे. यात एक अडचण होती. ज्या हेडवर आवाज भरला जातो आणि ज्या हेडवरून तो ऐकू येतो, त्यांच्यात अंतर असते. त्यामुळे जुने ऐकत नवे भरायला गेले तर दोन्हींत क्षणाचा फरक पडतो आणि ताल सुटतो. ॲम्पेक्स कंपनीने भरणाऱ्या हेडकडूनच जुने ऐकण्याचेही काम करून घेतले आणि ही अडचण सुटली. १९५७ साली त्यांनी लेस पॉल यांना आठ ट्रॅकचे यंत्र दिले. ते माणसाच्या उंचीचे होते आणि त्याची किंमत घराच्या किमतीत जमा होणारी होती. १९६७ साली बीटल्सचा 'सार्जंट पेपर' लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झाला तोही चार ट्रॅकच्या यंत्रांवर; पण ती फीत एक इंच रुंद होती आणि यंत्राभोवती पगारी तंत्रज्ञ उभे होते.

म्हणजे तोपर्यंत एकावर एक आवाज चढवण्याची सोय होती ती कंपन्यांच्या हाती. गाणाऱ्याने तासाच्या हिशेबाने पैसे मोजायचे, घड्याळाकडे पाहत गायचे आणि काचेपलीकडे बसलेल्या माणसाने मान डोलावली तर खूश व्हायचे. आपल्या मुंबईच्या चित्रपटसृष्टीत तर कितीतरी वर्षे पन्नास-पन्नास वादक एका दालनात बसवून गाणे एका दमात घेत. एकाची चूक झाली की सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून. त्यातून अप्रतिम गाणी निघाली, हे कोण नाकारील? पण घरात एकट्या बसलेल्या, खिशात पैसे नसलेल्या माणसाच्या मनातले गाणे तिथवर पोचायला कुणाची तरी परवानगी लागत होती.

टीॲकच्या लोकांनी केले ते दिसायला अगदी साधे होते. कॅसेटवरच्या चारही रेघा त्यांनी एकाच दिशेने वापरल्या. फितीचा वेग दुप्पट केला, म्हणजे आवाज जरा स्वच्छ उमटेल. आवाज कमीजास्त करून मिसळण्याचा मिक्सरही त्याच पेटीत बसवला. याची किंमत वेळेत मोजावी लागे. आपली साठ मिनिटांची कॅसेट त्या यंत्रात पंधरा मिनिटांतच संपे, कारण दुसरी बाजू उरतच नव्हती आणि फीत दुप्पट वेगाने पळे. पण पंधरा मिनिटांत तीन-चार गाणी बसतात! आणि कॅसेट तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होती. १९८३ साली फॉस्टेक्स कंपनीने एक्स-१५ हे बॅटरीवरही चालणारे यंत्र काढले. यामाहाही या धंद्यात उतरली.

चार ट्रॅक संपले की काय करायचे? तीन ट्रॅकवर गिटार, ढोलके आणि एक आवाज भरला असेल, तर ते तिन्ही मिसळून चौथ्यावर उतरवायचे. मग पहिले तीन मोकळे झाले. त्यांच्यावर पुन्हा नवे भरायचे. इंग्रजीत याला 'बाउन्स' करणे म्हणतात. या युक्तीने चारांचे सात-आठ आवाज होत, परंतु दर उतरवणीला फितीची सूं-सूं वाढत जाई. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की एकदा मिसळलेले पुन्हा वेगळे करता येत नसे. ढोलके जरा मोठे झाले, हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले तर इलाज नाही, कारण मूळ तिन्ही आवाज तोवर पुसलेले. वाण्याने डाळ-तांदूळ एकत्र करून दिले तर निवडता तरी येतात. इथे तर खिचडी शिजलेली. आम्हाला या यंत्राचे सारे मर्म इथेच दिसते. त्याची चर्चा पुढे करू.

आधी त्या कॅसेटची हकीकत, जिच्यामुळे या यंत्राचे नाव झाले. ब्रूस स्प्रिंगस्टीन हा अमेरिकेतला मोठा गायक. १९८० सालच्या 'द रिव्हर' या संग्रहासाठी त्याने स्टुडिओत वर्षाहून अधिक काळ घालवला होता आणि त्यापायी पैसाही पाण्यासारखा गेला होता. पुढच्या वेळी गाणी आधी घरी भरून पाहावीत, ती साथीदारांना ऐकवावीत आणि मगच स्टुडिओत जावे असे त्याने ठरवले. गिटारची देखभाल करणाऱ्या सहकाऱ्याला सांगून त्याने एक पोर्टास्टुडिओ १४४ आणवला. न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक या गावी भाड्याच्या घरात, निजायच्या खोलीत, १९८२च्या जानेवारीच्या सुरुवातीला हे दोघे बसले. दोन साधे माइक. गिटार आणि गळा दोन ट्रॅकवर. उरलेल्या दोनांवर कुठे माउथ ऑर्गन, कुठे खंजिरी, कुठे दुसरा सूर. चारही ट्रॅक मिसळून उतरवायला दुसरे यंत्र हवे होते. त्यासाठी घरातला पॅनासॉनिकचा जुना टेपरेकॉर्डर वापरला, जो एकदा पाण्यात पडून बंद झाला होता आणि नंतर आपोआप चालू झाला होता. अशी पंधराएक गाण्यांची कॅसेट तयार झाली. तिला डबीही नव्हती. स्प्रिंगस्टीन ती जीन्सच्या खिशात घालून हिंडत असे.

मग ती गाणी घेऊन तो साथीदारांसह न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गेला. उत्तम वादक, उत्तम यंत्रे. काही गाणी जमली. 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे त्यांतलेच. पण बाकीच्या गाण्यांतला जीव जाऊ लागला. बेकारांची, गुन्हेगारांची, रात्री रस्त्यावर एकट्या निघालेल्या माणसांची ती गाणी होती. चकचकीत वाद्यवृंदात ती माणसे हरवत होती. एकट्याने पुन्हा स्वच्छ गाऊन पाहिले, तरी जमेना. शेवटी खिशातली ती कॅसेटच प्रसिद्ध करायची असे ठरले. तिच्यावरून तबकडी कापणेही सोपे नव्हते. आवाज इतका विचित्र भरलेला होता की अनेक ठिकाणी प्रयत्न फसले. ३० सप्टेंबर १९८२ रोजी 'नेब्रास्का' नावाने ती तबकडी बाहेर आली. २०२५ साली वाद्यवृंदासह केलेली ती रूपेही प्रसिद्ध झाली आणि त्या दिवसांवर चित्रपटही निघाला. तेव्हा दोन्ही ऐकून स्वतः निवाडा करण्याची सोय आता झाली आहे. वाद्यवृंदाची रूपे वाईट नाहीत. पण खोलीतल्या कॅसेटपुढे ती पाहुण्यांसारखी वाटतात, हे आमचे मत.

गंमत अशी की जे यंत्र कच्चा खर्डा लिहिण्यासाठी बनवले, त्याच्यावरचा खर्डाच पक्की प्रत ठरला. पुढे हे अनेकदा घडले. इंग्लंडच्या पी. जे. हार्वी यांनी १९९३ साली आपले घरचे खर्डे 'फोर-ट्रॅक डेमोज' या नावाने उघडपणे प्रसिद्ध केले. त्यांतली पुष्कळ गाणी त्याच वर्षीच्या 'रिड ऑफ मी' या संग्रहात स्टुडिओत घडवून आलेली होती. १९९४ साली एलियट स्मिथचा 'रोमन कँडल' आला, तो तळघरात चार ट्रॅकवर भरलेला. आपल्याकडे घरच्या घरी ध्वनिमुद्रणाचा विचार निघाला की ए. आर. रहमान आठवतात. त्यांनी १९८९ साली चेन्नईत घरामागच्या जागेत स्टुडिओ उभारला. तो कॅसेटचा मामला नव्हता, त्याहून पुष्कळ मोठा होता. पण घरात, रात्री, कुणी घड्याळ दाखवत नसताना काम करायचे ही ओढ तीच.

नव्वदच्या दशकात अंकीय यंत्रे आली, मग संगणक आला. २००४ साली ॲपलने आपल्या संगणकांसाठी गॅरेजबँड काढले आणि पोर्टास्टुडिओचे दिवस भरले. २०१० साली खुद्द टॅस्कॅमने, म्हणजे टीॲकच्याच ध्वनिमुद्रण विभागाने, जुन्या यंत्राचे हुबेहूब चित्र असलेला ॲप आयपॅडसाठी विकायला काढला. आज फोनवर शेकडो ट्रॅक मिळतात. तरी लोक चाळीस वर्षांपूर्वीची यंत्रे घेतात आणि जुन्या मॉडेलांच्या किमती चढत गेल्या आहेत. का?

नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे फितीच्या आवाजाची 'ऊब'. हे उत्तर खोटे नाही. फितीवर आवाज जोरात भरला की तो एकदम फाटत नाही, दबून गोल होतो आणि कानाला बरा लागतो. पण तेवढा परिणाम आता संगणकही करून देतो. निव्वळ उबेसाठी कुणी कुरकुरणारे चाक, सैल झालेला रबरी पट्टा आणि दर महिन्याला हेड पुसण्याची कटकट सोसील असे आम्हाला वाटत नाही. काहींना मिरवायचेही असते, हे कबूल करावे. जुने यंत्र टेबलावर शोभून दिसते.

खरे कारण त्या खिचडीत आहे. संगणकावर काहीच पुसले जात नाही. पंचवीस वेळा गायिलेली ओळ पंचवीस वेळा जपून राहते आणि निवड उद्यावर जाते, उद्या परवावर. गाणी अर्धवट पडून राहतात. कॅसेटच्या यंत्रापुढे बसलेल्याला तिथल्या तिथे ठरवावे लागते: हा सूर ठेवायचा की पुसायचा? तीन ट्रॅक चौथ्यावर उतरवताना छाती थोडी धडधडते. पंधरा मिनिटांत फीत संपणार आहे. पुढ्यात पडदा नसल्यामुळे आवाजाची चित्रे डोळ्यांना दिसत नाहीत. कानावरच विश्वास ठेवावा लागतो. ज्याला गाणे पुरे करायचे आहे, त्याला ही अडवणूक मदतीची वाटते. याचा अर्थ गरिबीचे गोडवे गावेत असा नाही. १९८२ साली चारच ट्रॅक मिळत होते म्हणून लोक चार वापरीत. आज वापरतात ते शेकडो मिळत असताना. या दोहोंत फरक आहे आणि तो विसरून जुन्या काळाचे पोवाडे गाणाऱ्यांशी आमचे जमत नाही.

आणखी एका कारणाविषयी फारसे कुणी बोलत नाही. चार ट्रॅकची कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरमध्ये लावली तर काय ऐकू येते? एका बाजूला दोन ट्रॅक, निम्म्या वेगाने, भूत रेकल्यासारखे. उलटी करून लावली तर उरलेले दोन, तेही उलटे वाजणारे. ती नीट ऐकायला तसलेच चार ट्रॅकचे, त्याच वेगाचे यंत्र हवे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत भरलेल्या अशा कॅसेटी कितीतरी घरांच्या माळ्यांवर पेट्यांतून पडून आहेत. भरणाऱ्यांपैकी काही म्हातारे झाले, काही गेले. त्यांची मुले आता ते आवाज संगणकावर उतरवू पाहतात. त्यासाठी ती एखादे जुने यंत्र मिळवतात, दुरुस्ती करणारा शोधून त्याचा पट्टा बदलून घेतात, आणि एकेक कॅसेट लावून चारही ट्रॅक वेगवेगळे उतरवतात. भरताना वापरलेली खरखर दाबण्याची सोय यंत्रात नसेल, तर आवाज बिघडून येतो. मग दुसरे यंत्र शोधायचे. पेटीतल्या कॅसेटी संपल्या की पुष्कळजण तेच यंत्र पुढच्या गिऱ्हाइकाला विकतात.