जुनी कन्व्हर्टिबल घेताना : आधी कागद, मग पाणी

उघड्या टपाच्या मोटारीचे आकर्षण सातारा-सांगली पट्ट्याला नवे नाही. शेजारच्या कोल्हापुरात दसऱ्याच्या सोहळ्यासाठी संस्थानकालीन मेबॅक मोटार बाहेर निघते, तेव्हा तिच्या दर्शनासाठी आजही गर्दी लोटते. आता मात्र अशी हौस केवळ राजघराण्यांपुरती राहिलेली नाही. मर्सिडीझ एसएलके, बीएमडब्ल्यू झेड-फोर, ऑडी टीटी रोडस्टर, पोर्शे बॉक्सस्टर या दोन दारी मोटारी दहा-पंधरा वर्षे जुन्या झाल्या की त्यांची किंमत एखाद्या नव्या एसयूव्हीच्या आसपास येते. पुण्या-मुंबईच्या बाजारातून त्या घेणाऱ्यांत ऊस, द्राक्ष आणि बेदाणा पट्ट्यातील उद्योजक व व्यावसायिकही असतात. किंमत उतरली तरी सुट्या भागांचे दर मूळ गाडीच्या तोलाचेच राहतात, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात पहिल्या दुरुस्तीच्या बिलानंतर येते.

तथापि, खर्चापेक्षा मोठा धोका कागदपत्रांत दडलेला असतो. यातील बहुतांश मोटारी परदेशात तयार होऊन आलेल्या आहेत. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याने येथे विकलेली गाडी आणि एखाद्या व्यक्तीने स्वतः आयात केलेली गाडी यांत फरक करणे आवश्यक आहे. दुसऱ्या प्रकारात सीमाशुल्क भरल्याचे 'बिल ऑफ एंट्री' हे कागदपत्र पाहिल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नयेत. त्यावरील चासी क्रमांक, निर्मितीचे वर्ष आणि मॉडेल प्रत्यक्ष गाडीशी तंतोतंत जुळले पाहिजे.

याची किंमत काय असते, हे केरळातील एका प्रकरणातून दिसते. आयात करताना कागदपत्रांत फेरफार करून मूल्य कमी दाखवल्याचा ठपका असलेली एक पोर्शे कॅरेरा पुढे विकली गेली आणि सुमारे १७ लाख ९२ हजार रुपयांच्या शुल्काची मागणी नंतरच्या खरेदीदाराकडे आली. तो आयातदार नसल्याने ही रक्कम त्याच्याकडून वसूल करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या अखेरीस दिला. खरेदीदार जिंकला खरा, पण त्यासाठी दीड दशकाहून अधिक काळ न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाने केरळातच 'ऑपरेशन नुमखोर' ही मोहीम राबवून भूतानमार्गे बेकायदा आणल्याचा संशय असलेल्या गाड्या ताब्यात घेतल्या. स्वस्त मिळते म्हणून हुरळून जाणाऱ्याने ही दोन्ही उदाहरणे लक्षात ठेवावीत.

परराज्यातील नोंदणी हा दुसरा सापळा. साताऱ्याची एमएच ११, सांगलीची एमएच १० किंवा कऱ्हाडची एमएच ५० मालिका असलेली कन्व्हर्टिबल सहसा मिळत नाही; त्यामुळे दिल्ली वा कर्नाटकातील गाडी स्वस्त म्हणून पुढे येते. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असल्यास नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते आणि गाडीची मूळ किंमत व वय पाहून महाराष्ट्राचा वाहनकर पुन्हा भरावा लागतो. आयात मोटारींना कराचा दरही चढा आहे. दोन-तीन लाखांची 'बचत' येथेच विरघळते. मूळ राज्यात भरलेल्या कराचा परतावा मिळवण्याचा खटाटोप वेगळाच.

राज्यांतर्गत व्यवहारात नमुना २९ आणि ३० पुरतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे, घेणाऱ्याने ३० दिवसांत नावावर करून घ्यावी, अशी कायद्यात तरतूद आहे. आपल्याकडे सही करून दिलेले कोरे फॉर्म वर्षानुवर्षे गाडीच्या कप्प्यात पडून राहतात, ही सवय जुनीच. परंतु नोंदणीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या नुकसानभरपाईस जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. सातबाऱ्यावर असतो तसा आरसी बुकावरही कर्जाचा बोजा असतो. कर्ज बँकेचे असो वा पतसंस्थेचे, ते फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई असल्याने व्यवहार बँकेमार्फतच करावा.

आता गाडीकडे वळू. कन्व्हर्टिबलचा खरा शत्रू पाणी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खाली सांगलीत तो तुलनेने फारच कमी, पण तेथे कृष्णा आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते; धोक्याची पातळी ४५ फुटांची. २००५ आणि २०२१ मध्येही शहराने पूर पाहिला. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून विकली जाण्याचा धोका महागड्या मोटारींतही असतोच.

कन्व्हर्टिबलमध्ये ओल शोधणे थोडे अवघड, कारण छताची गळती आणि पुराचे पाणी यांची गल्लत होते. गळतीची ओल बहुधा गालिच्याखाली, पायाशी किंवा डिकीत असते. पुराचे पाणी गाळ मागे ठेवते. सीटचे रूळ, वायरिंगच्या जोडण्या आणि हेडलाइटच्या आतील कोपरे येथे बारीक माती सापडते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. वर कधीच न दिसणारा त्याचा भाग मातकट असेल तर तेथूनच परतावे.

छताच्या कडेने येणारे पाणी बाहेर नेण्यासाठी बारीक नळ्या असतात. पाने-कचऱ्याने त्या तुंबल्या की पाणी आत साचते. पहिल्या पिढीच्या झेड-फोरमध्ये छताची मोटर अशाच सखल जागी असल्याने बुडते. पहिल्या बॉक्सस्टरमध्ये सीटखालील अलार्मचे नियंत्रक यंत्र भिजून गाडी चालूच होत नाही. त्या पिढीच्या बॉक्सस्टरबाबत इंजिनातील आयएमएस बेअरिंगची चौकशीही अवश्य करावी. ते निकामी झाल्यास इंजिनच जाते. छत इंजिन चालू ठेवून तीन-चार वेळा उघडून मिटावे, नंतर होजपाइपने पंधरा मिनिटे पाणी मारून आत बसून पाहावे. विकणारा या परीक्षेला नाराज झाला, तर त्याच्या नाराजीचा अर्थ लावणे कठीण नाही.

टायरवरील चार आकड्यांच्या खुणेत निर्मितीचा आठवडा व वर्ष असते. कमी चाललेल्या हौशी गाड्यांत नक्षी शाबूत पण रबर जुने, असा प्रकार हमखास आढळतो. संगणकीय तपासणी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत स्कॅनिंग, अधिकृत सेवा केंद्रातच करावी. काही कंपन्यांसाठी ते पुण्यालाच गाठावे लागते. सांगलीहून हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरहून अधिक आहे. बंद पडलेली ही गाडी दोरीने ओढून नेता येत नाही, सपाट ट्रकवरच चढवावी लागते; तो खर्चही हिशेबात धरावा. जमिनीला टेकत चालणाऱ्या या मोटारींचा खालचा पत्रा गावोगावच्या गतिरोधकांवर घासतो. म्हणून गाडी लिफ्टवर चढवून पोट पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

विम्याचे हस्तांतर १४ दिवसांत करून घ्यावे. अन्यथा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. 'नो क्लेम बोनस' जुन्या मालकाचाच राहतो. ताबा घेताना दोन्ही किल्ल्या, सेवेच्या नोंदवह्या, मूळ बीजक आणि वीज गेल्यास छत हाताने बंद करण्याचे अवजार मागून घ्यावे. बाकी काही नसले तरी हे अवजार डिकीत असावे. जूनमधला वळीव यवतेश्वरच्या घाटात गाठतो, तेव्हा दुकान शोधायला वेळ नसतो.