वहाणेला नंबर नव्हता तेव्हा

ऑनलाइन चप्पल मागवताना तुम्ही आठ किंवा नऊ हा आकडा निवडता. तो कशाचा आहे, माहीत आहे? जवाच्या दाण्याचा. इंग्रजांच्या जुन्या मापात तीन जव म्हणजे एक इंच, आणि बुटाचा एक नंबर म्हणजे एक जव, साधारण साडेआठ मिलिमीटर. जव आपल्याकडेही मापात होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ यवांचा एक अंगुल सांगितला आहे. फरक इतकाच की इंग्रजांनी दाणा उभा मोजला, आपण आडवा.

पण आमच्या नगर जिल्ह्यातल्या (कागदोपत्री आता अहिल्यानगर) खेड्यांत शंभर वर्षांपूर्वी वहाणेला नंबर नव्हताच. मग माप चुकलं असं कधी म्हणायचं? मला या प्रश्नात रस आहे, कारण चुकीचा हिशेब पुढे पैशाच्या हिशेबात जाऊन मिसळतो.

त्र्यंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं. बलुतेदारी समजून घ्यायची तर अजूनही तिथूनच सुरुवात करावी लागते. चांभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभराच्या कामाचा मोबदला सुगीत, खळ्यावर, धान्याच्या रूपात. त्यामुळे वहाण हातात पडली की व्यवहार संपला, असं नव्हतं. ती चावली, सैल पडली, अंगठा तुटला, की पुन्हा त्याच दारात जायचं.

आणि कातडं बदलत राहतंच. जनावराच्या पाठीचं कातडं घट्ट असतं, फारसं ताणत नाही. पोटाकडचं मऊ, ते हमखास ताणतं. एका पायाचा पट्टा पाठीचा आणि दुसऱ्याचा पोटाचा निघाला, तर पहिल्या दिवशी सारखा दिसणारा जोड महिन्याभरात दोन मापांचा होतो. म्हणून जाणता कारागीर नवी वहाण किंचित घट्टच ठेवतो. घट्ट असेल तर ओलं करून, तेल चोळून, आत लाकडी फरमा ठोकून रात्रभर ठेवता येतं. बोट जिथे घासतं, तिथे फरम्यावर कातड्याचा लहानसा तुकडा चिकटवला की तेवढीच जागा फुगते. उलट बाजूने मात्र फार काही करता येत नाही. वहाण सैल झाली की पट्टा उसवून आत ओढून शिवायचा, नाहीतर सुकतळा घालायचा. सुकतळा म्हणजे आतला जादा तळ. तळाच बेताला आखूड कापला गेला असेल, तर तो जोड लहान पायाच्या माणसाला द्यायचा, दुसरा इलाज नाही. (कमरेचा पट्टा लांब झाला तर तो टोकाकडून कापू नका, बकलाकडून कापा. भोकं आणि टोकाचा आकार जागच्या जागी राहतो.)

मापाची खरी परीक्षा मात्र पायात नव्हती, विहिरीवर होती. उत्तरेत प्रवरेचं पाणी होतं, १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं. दक्षिणेकडच्या कर्जत, जामखेड, पाथर्डीसारख्या तालुक्यांत भिस्त विहिरीवर, म्हणजे मोटेवर. ढोरांनी कमावलेलं चामडं, चांभाराची शिवण, मांगाने वळलेले दोर. चामड्याच्या पिशवीला खाली सोंड असते. वर येताना सोंडेचं तोंड मोटेतल्या पाण्याच्या पातळीच्या वर दुमडून धरलेलं हवं, आणि थारोळ्याशी आल्यावर ते पुढे पडून पाणी ओतलं गेलं पाहिजे. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, सोंड धरणारा बारीक तो सोल. ओल्या चामड्याला रोजचं वजन, त्यामुळे मोट ताणत जाते, सोंड लोंबायला लागते आणि अर्धं पाणी परत विहिरीत. बैल तेवढेच दमतात, वाफा कोरडा राहतो.

यावर उपाय किती साधा, ते पाहण्यासारखं आहे. चामड्याला हात न लावता सोल आखडून बांधायचा. म्हणजे दुरुस्तीची जागा मुद्दाम स्वस्त भागात ठेवलेली. कात्री लावायची ती शेवटी, शिवण फाटली तर. एरवी चामडं तेलावर टिकवायचं. पाण्यात राहणाऱ्या चामड्याला आणि दोराला करडईच्या तेलाचा जाड रोगण लावत.

इथे हळहळायचा मोह होतो, पण मी तो टाळेन. आज ज्याला आपण ‘मोफत सर्व्हिस’ म्हणू, ती तेव्हा जातीने ठरवलेली चाकरी होती. दुष्काळात खळं रिकामं, तरी वहाण घेऊन लोक दारात उभेच. त्याने शिवलेली मोट विहिरीत उतरे, पण त्याच विहिरीचं पाणी तो स्वतःच्या हाताने शेंदू शकत नसे. पाय ज्याच्या हातात द्यायचा त्याचा स्पर्श घरात वर्ज्य, हा विरोधाभास गावाला टोचत नव्हता.

नंबर आला तो छावणी आणि कारखान्याच्या बाजूने. नगरचा किल्ला १८०३ मध्ये इंग्रजांनी घेतला, पुढे छावणी बसली. एकेका माणसाचं पाऊल बघून पलटणीला बूट पुरवता येत नाहीत. १९३०च्या दशकात बाटाचा कारखाना बंगालमध्ये उभा राहिला आणि तयार जोडा हळूहळू तालुक्याच्या बाजारापर्यंत आला. विजेचे पंप आले तशी मोटही गेली. शिवणारा आता रोख पैसे घेऊ लागला, आणि कुणाचं काम करायचं नाही हेही ठरवू लागला. हा फायदा लहान नव्हे.

तोटा पायाचा झाला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर ७९ ठिकाणी लाखाहून अधिक लोकांची पावलं थ्रीडी स्कॅनरने मोजली. भारतीय पाऊल इंग्रजी मापाच्या बुटापेक्षा रुंद निघालं. म्हणजे अनेक जण रुंदी मिळावी म्हणून एक नंबर मोठा घेतात, मग लांबी जास्त होते, आणि लेस करकचून बांधून चालतात. यावरून ‘भा’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली, आठ गटांची.

ती दुकानात रुळेपर्यंत काम रस्त्यावरच चालू आहे. माळीवाडा बसस्थानकाच्या परिसरात बसणाऱ्या एका कारागिराकडे मी बराच वेळ उभा होतो. कॉलेजातला एक मुलगा नवेकोरे, ऑनलाइन मागवलेले बूट घेऊन आला, टाच निसटते म्हणून. त्याने अंगठ्याने टाच दाबून पाहिली, रापीने कातड्याचा तुकडा कापला, कडा तासून पातळ केल्या आणि आत चिकटवला. पैसे आधी सांगितले होते.